अंबादासरावांच्या हाताचं मीठ

अंबादास कारंजकरांनी उभ्या आयुष्यात स्वयंपाक करताना एकदाही जिभेवर थेंब ठेवला नव्हता. छत्तीस वर्षं हिंदी मुलखातल्या खमरियाच्या फॅक्टरीत फिटर म्हणून काढली, निवृत्त होऊनही आठ वर्षं झाली, आणि या सगळ्या वर्षांत त्यांच्या मराठी मंडळाचा महाप्रसाद दुसऱ्या कुणाच्या हातून झाला नाही. गणपती असो, रामनवमी असो, दत्तजयंती असो, तीनशे पानं उठायची आणि एकाही पानावरून मीठ मागायला हात वर व्हायचा नाही. माणूस तसा साधा, चारचौघांत खाली मान घालून चालणारा. पण या एका गोष्टीचा त्यांना ताठा होता, आणि तो त्यांनी कधी लपवला नाही.

नैवेद्याआधी चाखलेलं अन्न उष्टं, ते देवापुढे ठेवायचं नाही, हा नियम पुष्कळ घरांत असतो. तरी भलेभले आचारी कुणाचं लक्ष नसताना तळहातावर थेंबभर आमटी घेतातच. अंबादासराव घेत नसत. ते वास घ्यायचे. पातेल्यावरचं झाकण सरकवायचं, वाफ तोंडावर घ्यायची, डोळे मिटायचे आणि सांगायचं, "अर्धी मूठ कमी आहे." मीठ पडलं की उकळीचा वास बदलतो, असं त्यांचं म्हणणं. तुम्हाआम्हाला तो बदल कळणार नाही. त्यांना कळायचा, आणि त्या नाकावर सगळं मंडळ निर्धास्त जेवायचं.

ते नाक कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत गेलं. चार दिवस ताप आला, उतरला, आणि वास काही परत आला नाही. लोकांचा महिन्या-दोन महिन्यांत येत होता. अंबादासराव रोज सकाळी दार लावून हिंगाची डबी नाकाशी धरायचे. डबी उघडी आहे की बंद, ते डोळ्यांनीच कळायचं. चवही तशीच गेली. तिखट तेवढं जिभेला चटका देऊन जायचं, बाकी सगळा भुसा.

त्यांनी हे कुणालाही सांगितलं नाही. मुलाला नाही, डॉक्टरला नाही, बायकोलाही नाही. सांगणार तरी काय? ज्याच्या नाकावर तीनशे माणसं जेवतात त्याने नाकच गेलं म्हणून सांगायचं? त्या वर्षीच्या गणपतीत पहिल्यांदा नुसत्या हाताच्या अंदाजाने मीठ घातलं तेव्हा पंगत उठेपर्यंत ते कुणाचा हात मिठासाठी वर होतो का तेवढंच बघत होते. मंडळाचे अध्यक्ष बापूसाहेब जेवून आले, ढेकर दिली आणि म्हणाले, "वा, अंबादास! तोच हात!"

तोच हात. अंबादासरावांनी मनात म्हटलं, नाक गेलं तर गेलं, हाताला सगळं पाठ आहे. पुढे चार वर्षं झाली. एकही पान बिघडलं नाही. हळूहळू भीती मेली आणि ताठा परत आला, उलट थोडा वाढूनच आला. वासाशिवायही आपल्याला जमतं हे फक्त आपल्यालाच ठाऊक आहे, याची त्यांना गंमत वाटायला लागली होती.

प्रतिमाबाई म्हणजे त्यांची बायको. सोवळ्याओवळ्यात त्यांच्याहून दोन पावलं पुढे. सून संपदा नवी नवी घरात आली तेव्हा तिने नैवेद्याआधी श्रीखंडाचं बोट चाटलं होतं, तर प्रतिमाबाईंनी अख्खं पातेलं बाजूला काढून पहिल्यापासून चक्का बांधायला लावला होता. पोरगी रडली, पण बाई हलली नाही. गेली काही वर्षं त्या सोमवारी अळणी जेवत. बी.पी.साठी, असं सांगत. "आचाऱ्याची बायको आणि अळणी जेवते," अंबादासराव चिडवायचे. "लोक म्हणतील, नवऱ्याचा हात पसंत नाही." त्या नुसत्या हसायच्या. मंडळात जाताना काखोटीला एक फुगलेली पिशवी मारायच्या, त्यावरूनही त्यांची चेष्टा व्हायची. "प्रसादाला निघाली का काशीला?" पिशवीत उकडलेले बटाटे, लिंबं, गूळ असलं काहीबाही असायचं. बायकांच्या पिशवीत काय असतं हे कोण विचारतं.

तर होळीनंतरचा रविवार. रामनवमी दोन आठवड्यांवर आलेली. बापूसाहेबांचा सकाळीच फोन येऊन गेला होता, "अंबादास, सामानाची यादी उद्यापर्यंत दे." संपदा माहेरी नागपूरला गेली होती. मुलगा अतुल, तोही फॅक्टरीतच, त्याच्याच क्वार्टरमध्ये हे सगळे राहतात, तो वर्तमानपत्र तोंडावर घेऊन झोपला होता. आणि नात चिन्मयी आजोबांच्या मागे लागली होती.

"आबा, आज मी पास्ता करून राहिली. पण बाजारच्या भाज्यांचा नाही. इथल्याच झाडांवरच्या, कचनारच्या कळ्या वगैरे. तुम्ही चलो ना, मला ओळखू येत नाहीत."

"पास्त्यात कचनार?" अंबादासरावांनी आ वासला. "अगं, कचनारच्या कळ्यांची भाजी असते. दह्यातली. तुझी पणजी करायची."

"तेच तर. आता लोक हेच करून राहिले. जे उगवतं ते खायचं. सलोनीला पण जेवायला बोलावलंय." सलोनी म्हणजे पलीकडच्या क्वार्टरमधली तिची मैत्रीण.

शेवटी कापडी पिशवी घेऊन आजा-नात निघाली. क्वार्टरांच्या मागच्या मोकळ्या जागेत कचनार, म्हणजे कांचन, जांभळे झाले होते. अंबादासरावांनी फांदी वाकवून दाखवलं, कोणती कळी घ्यायची: घट्ट मिटलेली, हिरवी, पाकळीचा रंग बाहेर डोकावला की सोडून द्यायची. मुनग्याची, म्हणजे शेवग्याची फुलं झाडाखाली पडली होती, त्यातली ताजी तेवढी वेचली. पाण्याच्या टाकीजवळ ओल धरून चिवळ, ती बारीक पानांची भाजी, पसरली होती, तिचे शेंडे खुडले. हे सगळं डोळ्यांचं आणि बोटांचं काम होतं, त्यात त्यांना कुणी हरवू शकत नव्हतं. शेजारच्या बाया वाटेत थांबून बघत होत्या. रिटायर माणूस झाडाखाली काय वेचतोय म्हणून.

"आबा, हे बघा." चिन्मयीने ओंजळभर कळ्या त्यांच्या नाकाशी धरल्या.

"वा!" अंबादासराव छाती भरून म्हणाले. "काय सुवास आहे!"

चिन्मयीने ओंजळ स्वतःच्या नाकाशी नेली, हुंगली, आणि आजोबांकडे बघितलं. कचनारच्या मिटल्या कळीला वास असतोच कुठे? मग तिने कळ्या पिशवीत टाकल्या.

स्वयंपाकघरात एकामागून एक धक्के बसायला लागले. पहिला धक्का असा की हळद नाही. दुसरा, मोहरी नाही, जिरं नाही, फोडणी नाहीच म्हणायला हरकत नाही. तेलात लसूण आणि सुकी लाल मिरची, बस.

"लसूण घालणार?" अंबादासराव ओरडलेच. रविवारचा स्वयंपाक त्यांचा, आणि तो कायम नैवेद्याचा, कांदा-लसणाशिवायचा. सगळं झाकून ठेवायचं, स्वतः हातपाय धुऊन सोवळ्याचा कद नेसायला जायचं, प्रतिमाबाईंनी नैवेद्याचं ताट वाढायचं, मग देवापुढे पाणी फिरवायचं आणि त्यानंतर घरानं जेवायचं. लग्न झाल्यापासूनचा शिरस्ता. "मग देवाला काय दाखवायचं?"

"आज देवाला आजीने दूधसाखर दाखवली. पास्ता कोण दाखवतं आबा देवाला?"

प्रतिमाबाई लसणाचं नाव ऐकूनच व्हरांड्यात जाऊन बसल्या होत्या. तिथून म्हणाल्या, "करू द्या हो तिला. एक दिवस."

मग अंबादासरावांनी कंबर कसली. करायचंच तर नीट करायचं. कळ्या उकडून, पिळून कडूपणा काढला. मुनग्याच्या फुलांतल्या मुंग्या झटकल्या, फुलं गरम पाण्यातून काढली. चिवळ तीनदा धुतली, कारण तिच्यात माती बसते आणि एका घासाला कचकच लागली की जेवणाऱ्याचं तोंड वाकडं होतं. नातीला हे असलं काही सुचलं नसतं. तिने मोठ्या पातेल्यात पाणी उकळत ठेवलं आणि म्हणाली, "यात मीठ भरपूर पडतं आबा. मूठभर. पास्ता शिजताना पाण्यातूनच मीठ घेतो."

"आणि पाणी?"

"फेकायचं. थोडं ठेवायचं, शेवटी भाजीत घालायला."

मूठभर मीठ घालून पाणी फेकायचं! त्यांचे डोळे पांढरे व्हायचे बाकी होते. एवढ्यात बेल वाजली. सलोनी आली असेल म्हणून चिन्मयी दाराकडे धावली. अंबादासरावांनी उकळत्या पाण्याकडे बघितलं. पोरीने मीठ घातलं की नुसतंच सांगितलं? पूर्वी वाफेने सांगितलं असतं. आता वाफ नुसती ओली होती. घातलं नसेल, त्यांनी ठरवलं, आणि मूठ भरली. आचाऱ्याची मूठ ती, पन्नास माणसांच्या आमटीला पुरणारी.

सलोनीला घेऊन परत येताच चिन्मयी किंचाळली, "आबा, लसूण जळून राहिला!"

"मुद्दामच," अंबादासराव म्हणाले आणि गॅस कमी केला. "खरपूस चांगला लागतो."

काळे झालेले तुकडे तिने चमच्याने बाजूला काढले. मग कळ्या, फुलं परतली. अंबादासरावांनी त्यांच्यावर हाताच्या अंदाजाने मीठ भुरभुरलं. वर शिजलेला पास्ता, आणि वर वाटीभर तेच पाणी. चिवळ शेवटी, नुसती वाफेवर. दिसायला मात्र सुरेख झालं होतं, पांढऱ्यावर हिरवं आणि मधूनच मुनग्याची पिवळट फुलं. चिन्मयीने चमचा बुडवला आणि तोंडाकडे नेला.

अंबादासरावांनी तिचा हात वरच्या वर धरला. "काय करून राहिली तू?"

"चाखून राहिली! मीठ बघायला नको?"

"माझ्या स्वयंपाकघरात चाखायचं नाही."

"पर आबा, देवाला तर दाखवायचंच नाही ना?"

"तरी नाही. जळक्या लसणाला नाव ठेवलं, आता माझ्या मिठावरही भरवसा नाही काय?"

चिन्मयीने चमचा खाली ठेवला. व्हरांड्याच्या दिशेने तिने एकदा बघितलं, काहीतरी विचारावं असं तिच्या चेहऱ्यावर आलं आणि गेलं.

ताटल्या मांडल्या. अतुलला उठवलं. पाच जण बसले. चीज किसून झालं, लिंबाच्या फोडी वाढून झाल्या. सगळ्यांनी पहिला घास घेतला आणि कुणी काही बोललं नाही.

या घरात पानावर बसून अन्नाला नाव ठेवायचं नाही, हा दंडक अंबादासरावांनीच घातलेला. अतुलने दुसरा घास घेतला आणि पाण्याचा पेला रिकामा केला. मग तिसरा घास. त्याचा चेहरा औषध घेतल्यासारखा झाला होता. प्रतिमाबाईंचा हात पहिल्या घासालाच ताटलीत थांबला होता, आणि त्या नवऱ्याकडे बघत नव्हत्या, दुसरीकडे कुठेतरी बघत होत्या. अंबादासराव मात्र मजेत खात होते. मिरचीचा चटका लागला, कळ्या दाताखाली छान येत होत्या. "बरा झालाय की," ते म्हणाले. "हात शेवटी हात असतो."

सलोनीला या घरचा दंडक कोण सांगणार? तिला ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं. "दादाजी, सॉरी... इसमें नमक बहुत ज़्यादा है. खाया ही नहीं जा रहा."

अंबादासरावांना आधी ते कळलंच नाही. आयुष्यात त्यांच्या समोर ते वाक्य कुणी उच्चारलं नव्हतं. त्यांनी अतुलकडे बघितलं. अतुल ताटलीत बघत होता.

"अतुल?"

"होतं बाबा कधी कधी," अतुल हळूच म्हणाला.

"खारट आहे?"

"जरा... समुद्र आहे बाबा."

आणि तेवढ्यात चिन्मयी, काही एक वाईट मनात न ठेवता, आजीकडे वळून म्हणाली, "आजी, आज तू चाखलं नाही काय?"

प्रतिमाबाईंनी तिच्याकडे असं बघितलं की पोरीची बोबडी वळली.

"म्हणजे?" अंबादासरावांनी विचारलं.

अतुलने लिंबाची फोड उचलून पुन्हा खाली ठेवली.

"चिन्मयी, म्हणजे काय?"

"आजी दर रविवारी चाखते ना," ती रडवेली झाली. "तुम्ही कद नेसायला जाता तेव्हा. मग कधी मीठ घालते, कधी लिंबू, कधी आलू. मंडळात पण. मला वाटलं, तुम्हीच सांगितलं असेल तिला. मला काय माहीत..."

अंबादासरावांनी चमचा ताटलीत ठेवला. गेल्या रामनवमीला आमटीत बटाट्याची फोड सापडली होती. माझ्या आमटीत बटाटा कुणी टाकला म्हणून त्यांनी सगळ्या पोरांची खरडपट्टी काढली होती, आणि प्रतिमाबाई शेजारी पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. पिशवीतले उकडलेले बटाटे, खारटपणा ओढून घ्यायला. लिंबं. गूळ. आरतीला सगळं मंडळ जायचं तेव्हा त्या एकट्या मागे राहायच्या, "पातेल्यांवर लक्ष ठेवते" म्हणून. चार वर्षं. बारा महाप्रसाद. घरचे रविवार तर मोजायलाच नको. 'तोच हात' म्हणाले होते बापूसाहेब. कुणाचा हात?

पण खरा हादरा तो नव्हताच. आपण फसलो, हसं झालं, ते त्यांनी कसंबसं गिळलंही असतं. ज्या बाईने बोटभर श्रीखंडासाठी सुनेला रडवलं, तीच बाई चार वर्षं रामाच्या नैवेद्याला आधी स्वतःची जीभ लावत होती. हे त्यांच्या डोक्यात मावेना. पंचेचाळीस वर्षं ज्या माणसाबरोबर काढली ते माणूस हेच का, असं त्यांना वाटलं.

प्रतिमाबाई उठल्या. सगळ्यांच्या ताटल्यांतलं उष्टं बाजूला काढलं, दुसरं पाकीट फोडून बिनमिठाच्या पाण्यात पास्ता शिजवला, उरलेली चिवळ चिरली, सगळं पातेल्यात उरलेल्यात कालवलं. अंबादासराव दाराच्या चौकटीला धरून बघत होते. प्रतिमाबाईंनी डावाच्या टोकाने थेंबभर रस डाव्या तळहातावर घेतला, जिभेला लावला, डोळे मिटले. लिंबू अर्धं पिळलं. पुन्हा थेंब. मग हात धुतला. किती सराईत हात होता तो! एवढी सफाई दोन-चार वेळा करून येत नाही.

"आता बसा," त्या म्हणाल्या. सगळे बसले, जेवले. सलोनी दोनदा म्हणाली, "अब बहुत अच्छा है." अंबादासरावांना आधीचा आणि आताचा सारखाच लागला.

संध्याकाळी बापूसाहेबांचा पुन्हा फोन आला, यादीचं काय झालं. अंबादासराव म्हणाले, "उद्या सांगतो." ते रात्रभर कूस बदलत राहिले, आणि शेजारी प्रतिमाबाईही जाग्याच होत्या, पण दोघांनीही तसं दाखवलं नाही.

सोमवार उजाडला. अतुल ड्युटीवर गेला, चिन्मयी कॉलेजला गेली. दुपारी दोघंच जेवायला बसली. प्रतिमाबाईंनी त्यांना वरण-भात, कालच्या उरलेल्या कळ्यांची दह्यातली भाजी वाढली. स्वतःचं वेगळ्या वाटीतलं वरण घेतलं, बिनमिठाचं. अंबादासराव त्या वाटीकडे बघत राहिले. दर सोमवारी बघत होते, चिडवत होते. काल दुपारपासून डोक्यात फिरणारं काहीतरी एकदम जागेवर बसलं. हिचं अळणी जेवण सुरू कधी झालं? बी.पी.ची गोळी तर ही घेतच नाही.

"हे बी.पी.चं नाही ना?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मग?"

प्रतिमाबाईंनी भातात वरण कालवलं. "देवाच्या आधी जीभ लावते मी. फुकट कशी लावू? त्याला काहीतरी द्यायला पाहिजे ना. मिठासाठी लावते, म्हणून एक वार मीठ सोडलं."

अंबादासरावांनी घास पानात ठेवला. यांच्या मिठाची इज्जत राखायला ही बाई आठवड्यातून एक दिवस अळणी जेवत होती, आणि हे दर सोमवारी तिची टर उडवत होते. लाज वाटली, फार लाज वाटली, आणि त्या लाजेतून रागच बाहेर आला.

"मला काहून नाही सांगितलं? चार वर्षं मला वेड्यात काढलं तू! तुला कळलं होतं तर तोंडावर सांगायचं!"

"काय सांगायचं? तुम्ही रोज सकाळी दार लावून हिंगाची डबी घेऊन बसायचे. मी बाहेर झाडत असायची. मला वास यायचा ना हिंगाचा." त्यांचा आवाज पहिल्यांदाच कापला. "त्या पहिल्या गणपतीला भाजीत मीठ घातलं तुम्ही, पण आमटीत घालायचं विसरले हो. एक खडा नाही. तुम्ही आरतीत टाळ्या वाजवून राहिले होते आणि इकडे तीनशे पानं मांडलेली. मी काय करायचं होतं? देवाला म्हटलं, पाप मला लाव. देवाला तर सांगितलं मी. तुम्हाला सांगायची हिंमत झाली नाही."

बाहेर फॅक्टरीचा भोंगा वाजला, जेवणाच्या सुट्टीचा. तो वाजत होता तोवर अंबादासराव तिच्या वाटीतलं वरण बघत होते.

"आणि हे अळणी कुठवर चालणार होतं?" अंबादासरावांनी अखेर विचारलं.

"सोडायचं ठरलं होतं माझं."

"कधी?"

"तुम्ही आपल्या तोंडानं मला सांगाल त्या दिवशी."

अंबादासरावांनी मान वर केली. "पण तुला तर माहीतच होतं."

"मला माहीत असणं वेगळं. तुम्ही सांगणं वेगळं." प्रतिमाबाईंनी पदराने डोळे पुसले. "दर सोमवारी वाटायचं, आज सांगतील. आपल्या माणसाला नाही तर कुणाला सांगतील? वाट पाहून राहिली होती मी. कालही सांगितलं नाही तुम्ही. ते तर चिन्मयीनं सांगितलं."

खरं होतं. काल सगळं उघडं पडलं होतं आणि तरी त्यांनी स्वतः एक शब्द उच्चारला नव्हता. चार वर्षं दातांमागे दाबून ठेवलेलं सहजी बाहेर पडत नाही. त्यांनी पाणी प्यायलं. पेला खाली ठेवला. सत्तरीला टेकलेला माणूस, पण शाळेत उभं केलेल्या पोरासारखी त्यांची मान खाली गेली.

"मला वास येत नाही गं," ते म्हणाले. "कशाचाच येत नाही. चवही नाही. तू काय वाढतेस ते मला कळत नाही."

एवढं बोलले आणि हमसून हमसून रडायला लागले. वडील गेले तेव्हाही हा माणूस असा रडला नव्हता. प्रतिमाबाईंनी त्यांना रडू दिलं. मग त्या म्हणाल्या, "बापूसाहेबांना फोन लावा जेवण झालं की. यादी देऊन टाका. म्हणावं, या वर्षी दोघं येतो आम्ही, आणि मीठ मी बघणार, सगळ्यांसमोर. चाललं तर चाललं, नाहीतर दुसरा आचारी शोधा म्हणावं. देवाच्या वाटचं मी आधी वेगळं काढून ठेवीन."

अंबादासरावांनी मान हलवली.

प्रतिमाबाईंनी मिठाची वाटी उचलली. स्वतःच्या पानाकडे नेली, थांबल्या, आणि ती नवऱ्यापुढे ठेवली.

"तुम्हीच घाला."

त्यांनी चिमूट भरली, थोडी झटकली, तिच्या वरणभातावर सोडली. प्रतिमाबाईंनी कालवलं, घास तोंडात घेतला, आणि सावकाश चावला. अंबादासराव तिच्या तोंडाकडे बघत होते, पहिल्या गणपतीला बापूसाहेबांकडे बघितलं होतं तसे.

"जास्त झालं," प्रतिमाबाई म्हणाल्या, आणि पान स्वच्छ करूनच उठल्या.